तलवारीचे पाणी जोखताना

एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात एक मराठा तलवार विक्रीस आली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची ही तलवार महाराष्ट्र शासनाने मिळवली. त्यासाठी सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणण्यात आली. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, पाते सरळ आणि एकधारी. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने लिहिले आहे, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. या लेखातील शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. पाते युरोपात घडलेले होते आणि ते तसे असल्याचे तलवारीच्या धन्याने लपवले नव्हते, उलट सोन्याने लिहवून घेतले होते.

मराठ्यांच्या सेनापतीने परदेशी पाते का वापरावे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. त्याचे उत्तर साधे आहे. सतराव्या-अठराव्या शतकातील मराठा सरदार पाते आणि मूठ या दोन स्वतंत्र गोष्टी मानत असत. पाते पोलादावर, तोलावर आणि लवचीकपणावर पारखून घ्यायचे. मूठ आपल्या हाताला, आपल्या युद्धपद्धतीला साजेशी बसवायची. यासाठी पारखणारा डोळा लागतो. तो त्या काळी होता. आज तलवार पुन्हा बाजारात आली आहे. हा डोळा मात्र तिच्याबरोबर आलेला नाही.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. (नाशिक जिल्ह्यातील मालेगावशी त्याचा संबंध नाही.) हा सारा वऱ्हाड मुलूख रघुजींच्या काळात निजाम आणि भोसले यांच्या ‘दोअमली’त होता, महसूल दोघेही घेत. ज्या मुलखातून त्या फौजा गेल्या, तेथील एखादा तरुण आज मोबाइलच्या पडद्यावर जी तलवार न्याहाळतो, ती बहुधा फिरंग वा धोप नसते. ती असते कताना, म्हणजे जपानी धाटणीची लांब, किंचित वक्र, दोन हातांनी धरावयाची तलवार. चित्रपट, व्हिडिओ गेम आणि जपानी चित्रमालिकांनी ती घरोघरी पोहोचवली. त्यातील बहुतेक तलवारी जपानमध्ये बनत नाहीत. चीनच्या झेजियांग प्रांतातील लोंगछुआन हे तलवारींसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेले शहर आज त्यांचे मोठे उत्पादनकेंद्र आहे; आपल्याकडे देहरादूनमधूनही निर्यातीसाठी निरनिराळ्या देशांच्या धाटणीच्या तलवारी तयार होतात. जाहिरातीत ‘हातघडणीची’, ‘हजार घड्यांची’, ‘अस्सल सामुराई’ अशी विशेषणे असतात. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कोठेही असू शकते. या विशेषणांत नेमके तथ्य किती, हे ओळखण्याच्या खुणा मात्र ठरलेल्या आहेत आणि त्या समजून घेण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. वऱ्हाडातील कोणत्याही आठवडी बाजारात बसणाऱ्या लोहाराचे काम दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहिले, तरी त्यातला निम्मा भाग उमगतो.

लोहार कुऱ्हाड पाजवतो तेव्हा काय करतो? लोखंड भट्टीत लाल करून ऐरणीवर धार ठोकून काढतो. पुन्हा तापवतो आणि फक्त धारेकडचा दोन बोटे भाग पाण्यात बुडवतो. मागचा भाग पाण्याबाहेरच राहतो. मग मागच्या भागातील उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि पोलादावर आधी पिवळसर, मग तपकिरी-जांभळट, मग निळा असे रंग चढू लागतात. योग्य रंग आला की तो सारी कुऱ्हाड थंड करतो. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. सगळी कुऱ्हाड एकदम बुडवली आणि तशीच सोडली, तर ती काचेसारखी ठिसूळ होऊन पहिल्याच गाठीवर तिचा तुकडा उडेल. अजिबात पाणी दिले नाही, तर धार मुडपेल. धार कडक आणि पाठ चिवट, हे दोन परस्परविरोधी गुण एकाच लोखंडात नांदवणे, हे धारेच्या प्रत्येक हत्याराचे मर्म आहे.

जपानी तलवारसाज या तत्त्वावरच उभा आहे. फक्त तेथे ते पराकोटीला नेले गेले. पात्यावर माती, कोळशाची पूड वगैरेंचा लेप देतात. पाठीवर जाड, धारेवर अगदी पातळ. अंधाऱ्या भट्टीत पात्याचा रंग पाहून तापमान ठरवतात आणि ते पाण्यात बुडवतात. धारेकडचे पोलाद क्षणात थंड होऊन अतिशय कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन मऊ राहते. कठीण झालेले पोलाद किंचित प्रसरण पावते आणि त्यामुळे पाते पाठीकडे वाकते. कतानाचा तो सुप्रसिद्ध बाक पुष्कळसा या क्षणी जन्माला येतो. याच क्षणी पात्याला तडाही जाऊ शकतो आणि अनेक दिवसांची मेहनत भंगारात जाते. कठीण धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेवर दुधी, धुकट अशी जी रेषा उमटते, तिला जपानीत ‘हामोन’ म्हणतात. तलवार पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते आणि फसवणूकही प्रथम तेथेच होते.

खरी हामोन पोलादाच्या आत असते. एकाच दिव्याखाली पाते तिरपे धरून हळूहळू फिरवले, की ती दिसते, लपते, पुन्हा दिसते. तिच्या कडेला बारीक चमकते कण किंवा धुक्यासारखा पट्टा आढळतो. दोन्ही बाजूंना ती सारखी असली तरी ठशासारखी तंतोतंत नसते. खोटी हामोन ही आम्लाने किंवा तारेच्या ब्रशाने वर काढलेली पांढरी नक्षी असते. कोणत्याही कोनातून ती तशीच, सपाट दिसते. जे पाते एकजिनसी कडक केलेले आहे, त्यावर अशी नक्षी काढून ते ‘मातीचा लेप दिलेले’ म्हणून विकणे ही सरळ लबाडी होय. येथे एक भेद मात्र करावयास हवा. एकजिनसी कडक केलेले स्प्रिंग पोलादाचे पाते हे वाईट पाते नव्हे. सरावासाठी ते कित्येकदा अधिक सोयीचे ठरते, कारण चुकीचा घाव बसला तरी ते लवून पुन्हा सरळ होते. लेप देऊन कडक केलेले पाते अशा वेळी वाकते आणि वाकलेलेच राहते. हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. मराठ्यांच्या धोपेचे वा फिरंगेचे लांब पाते लवचीकपणावर जोखले जाई. तोच गज कतानाला लावला, तर निकाल चुकणारच.

‘हजार घड्यां’चीही एकदा गणिती झडती घ्यावी. जपानी लोहार पोलाद तापवून दुमडतो, कारण त्याचे मूळ पोलाद असमान असते. लोहवाळू आणि लोणारी कोळसा यांपासून ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस-तीन रात्री धग देऊन ते काढतात आणि त्यात कोठे कर्ब जास्त, कोठे कमी, मध्येच मळी असा प्रकार असतो. घड्यांमुळे मळी बाहेर पडते आणि कर्ब सारखा पसरतो. दर घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८ थर होतात. साधारण दहा ते पंधरा घड्यांनंतर दुमडण्यात काही अर्थ उरत नाही, उलट प्रत्येक वेळी कर्ब जळून जातो. ‘हजार वेळा दुमडलेली’ तलवार ही म्हणूनच अशक्य कोटीतील गोष्ट आहे. शिवाय आजच्या कारखान्यात तयार होणारे कर्बयुक्त पोलाद मुळातच एकजिनसी असते. ते दुमडल्याने सुंदर रेषा मिळतात, बळ वाढत नाही. दुमडताना एखादा सांधा नीट जुळला नाही तर ते घटते, हे विक्रेते सांगत नाहीत. मालेगावच्या रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींच्या कमानपाट्यांचे पोलाद घ्या. गावोगावचे लोहार त्यापासून कोयते आणि कुऱ्हाडी घडवतात. बाजारातील अनेक बऱ्या कताना ज्या स्प्रिंग पोलादाच्या असतात, ते याच कुळातले आहे.

याउलट चकचकीत, कधीही न गंजणाऱ्या स्टेनलेस पोलादाची लांब तलवार ही भिंतीवर टांगण्याचीच वस्तू समजावी. सुरीच्या लांबीला हे पोलाद उत्तम. पण दोन-अडीच फुटांच्या पात्यात ते आघाताला दगा देते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून अशी तलवार विकणाऱ्या एका निवेदकाने तिची मजबुती दाखवण्यासाठी ती टेबलावर आपटली; पाते तुटून टोकाचा तुकडा त्याच्याच अंगात घुसला. ते चित्रण जगभर विनोद म्हणून पाहिले जाते. वास्तविक ते सुरक्षिततेचे उत्तम प्रात्यक्षिक आहे.

पोलादानंतर पात्याचा घाट पाहावयाचा. यासाठी उपकरण लागत नाही. तलवार डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे पाठीवरून नजर टाकावी. पाते डावी-उजवीकडे किंचितही वळलेले वा पिळलेले असल्यास लगेच कळते. नंतर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पात्यावर घेऊन ते सावकाश सरकवावे. पृष्ठभाग सम असेल तर प्रकाशाची रेषा अखंड वाहते. यंत्राच्या पट्ट्यावर घाईने घासलेल्या पात्यावर ती पाण्यातल्या सावलीसारखी थरथरते. पात्याच्या बगलेवरून जाणारी कणा-रेषा मुठीपासून टोकाच्या सांध्यापर्यंत एका दमात, कडक कडेने गेली पाहिजे. टोक हा सर्वांत अवघड भाग. तेथे तिन्ही रेषा एका बिंदूत मिळतात की एकमेकींना चुकवून जातात, यावरून कारागिराचा दर्जा इतर कशाहीपेक्षा लवकर समजतो. स्वस्त तलवारीत टोकाकडचा तो वेगळा भाग नुसता पॉलिशने काढलेला भास असतो.

मग दोष शोधावयाचे. थरांत राहिलेला फोड, न जुळलेला सांधा, मळीचा ठिपका हे सौंदर्याचे दोष. किंमत कमी होईल, तलवार चालेल. पण धारेशी काटकोनात जाणारी केसासारखी चीर असेल, तर ते पाते संपले. जपानी जाणकार तिला ‘हागिरे’ म्हणतात आणि त्यांच्या मते अशा तलवारीला तलवार म्हणून काही मोल उरत नाही. ही चीर पाणी देताना पडते किंवा नंतर कठीण वस्तूवर घाव घातल्याने. पुढच्या जोराच्या घावाला पाते तेथेच दुभंगते. विक्रेत्याने दिलेल्या छायाचित्रात ती दिसत नाही. प्रकाश तिरपा पाडून धारेचा प्रत्येक इंच बघणे एवढाच उपाय.

आतापर्यंतचे सारे पात्याविषयी झाले. अपघात मात्र पात्यापेक्षा मुठीमुळे अधिक संभवतात. पाते मुठीच्या आत किती आणि कसे शिरले आहे, हा कळीचा मुद्दा. चांगल्या कतानात पात्याचा मागचा भाग, ज्याला ‘नाकागो’ म्हणतात, तो मुठीच्या लांबीचा बराचसा हिस्सा व्यापतो आणि रुंद असतो. शोभेच्या तलवारीत तेथे पात्याला झाळलेली उंदराच्या शेपटीएवढी सळई असते आणि ती मागून नटाने आवळलेली असते. हवेत फिरवताना झाळलेला जोड तुटला की पाते बाणासारखे सुटते. समोर प्रेक्षक असतील, तर काय होईल हे सांगावयास नको. मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके, शोभायात्रा, शाळांची संमेलने या सर्व ठिकाणी लोक अगदी जवळ उभे असतात. तेथे नेमकी हीच स्वस्त तलवार सर्वाधिक दिसते.

जपानी पद्धतीचा खरा शहाणपणा असा की, मूठ उघडता येते. पाते आणि मूठ यांना जोडणारी बांबूची छोटी खुंटी, ‘मेकुगी’, हलकेच ठोकून काढली की सारी तलवार सुटी होते. जो विक्रेता ‘मूठ उघडत नाही, कायमची चिकटवली आहे’ असे सांगतो, त्याच्याकडे फार वेळ थांबू नये. मूठ काढल्यावर आतले लाकूड पात्याच्या आकारात नीट कोरलेले आहे, की मोठे भोक पाडून त्यात सरस आणि कागदाच्या पट्ट्या कोंबल्या आहेत, हे समोर येते. खुंटी घट्ट, सरळ रेषांच्या, वाळलेल्या बांबूची हवी. ती एवढीशी वस्तू. पण तिच्यावरच सगळी भिस्त असते. मुठीवरील दोरी बोटाने ढकलल्यास सरकता कामा नये. तलवार हलवली तर ती मुकी राहिली पाहिजे. खुळखुळ झाली, तर परज किंवा मूठ सैल आहे असे समजावे. म्यानातून पाते थोडेसे ओढून काढावे लागावे. म्यान उलटे धरताच घसरणारी तलवार धोक्याची.

आपल्या तलवारीची रीत निराळी. तिच्या लोखंडी मुठीत राळ वा लाख भरून, तापवून, पात्याचे टोकदार शेपूट तीत बसवतात. हा जोड अनेक पिढ्या टिकतो. पण राळ वाळून भुसभुशीत झाली की पाते एके दिवशी अचानक निसटते. घरातील जुनी तलवार हाती घेताना तिची मूठ प्रथम हलवून पाहावी, ती यासाठी.

तलवार हातात घेतल्यावर जो अनुभव येतो, तो शब्दांत सांगणे अवघड, पण अगदीच अशक्य नाही. कतानाचे वजन साधारण एक ते सव्वा किलो असते. नवख्याला वाटते, जड तलवार म्हणजे दणकट तलवार. जाणकार वजन विचारत नाही. तोल कोठे आहे ते पाहतो. पाते एका बोटावर आडवे धरले, तर सामान्यतः परजेपासून दहा ते पंधरा सेंटिमीटर पुढे ते स्थिर व्हावे. तोल त्याहून फार पुढे असेल, तर घाव जोरदार बसतो, पण थांबवणे आणि वळवणे जड जाते, मनगट दमते. तोल हाताशी फार जवळ असेल, तर तलवार चपळ पण घावाला हलकी. टोकाकडे पाते हळूहळू निमुळते आणि पातळ करत नेणे, हे तोल साधण्याचे खरे साधन आहे. यंत्राने एकाच जाडीची पट्टी कापून बनविलेल्या तलवारीत ते नसते, म्हणून ती हातात पहारीसारखी वाटते. काही जण पात्याला खोल पन्हळ पाडून वजन कमी करतात. अशी तलवार फिरवताना ‘सूं’ असा आवाज करते आणि ऐकणारा प्रभावित होतो. हा आवाज पन्हळीत अडलेल्या हवेचा असतो. त्यावरून फार तर घावाची रेषा सरळ गेली की नाही एवढेच कळते, पोलादाचा दर्जा नव्हे.

येथे आपल्या तलवारीविषयीचा एक रूढ गैरसमजही दूर करता येईल. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे ‘अजब बंगल्या’त, शस्त्रदालनासमोर उभे राहणारे अनेक जण म्हणतात, की या मुठी एवढ्या आखूड, त्या काळी लोकांचे हात लहान असावेत. तसे नव्हे. ती मूठ एका हाताने गच्च धरण्यासाठी आहे. मागची गोल चकती मनगटाला मुद्दाम अडवते. त्यामुळे खांद्यापासून ओढून घेतलेला, कापत जाणारा घाव आपोआप साधतो. कताना दोन हातांची असून मागचा हात तिला दिशा देतो. कताना हाताळण्याची सवय असलेल्याला मराठा तलवार अडचणीची वाटेल आणि उलटही खरे आहे. एखादे हत्यार ‘हाताला बसत नाही’ असे म्हणताना, ते कोणत्या हातासाठी घडले, हा प्रश्न आधी सुटावयास हवा.

प्रत्यक्ष छेद घेऊन पाहणे ही शेवटची कसोटी. जपानमध्ये त्यासाठी चटयांच्या वळकट्या पाण्यात भिजवून उभ्या करतात किंवा ओला बांबू वापरतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत लिंबू कापण्याचे कसब दाखवले जाते. तेथे कस लागतो तो तलवारीपेक्षा नजरेचा. भिजवलेल्या वळकटीचा छेद पाहिला, तर पुष्कळ गोष्टी समजतात. कापलेली बाजू सपाट असेल, तर घाट व धार दोन्ही ठीक. ती वाडग्यासारखी खोलगट असेल, तर पाते घावाच्या दिशेपासून वळले, आणि हा दोष बहुधा कारागिराचा नसून चालवणाऱ्याचा असतो. वाळलेला बांबू, नारळ, लोखंडी नळी यांवर तलवार आजमावणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी त्याला पराक्रमाचे रूप दिले आहे. आणि प्रशिक्षित गुरूच्या देखरेखीशिवाय, माणसे जवळ उभी असताना, धारदार पाते फिरवणे हे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

कायद्याची बाजूही खरेदीपूर्वी पाहावी, नंतर नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या वर्गीकरणात तलवारी धारदार शस्त्रांत मोडतात; घरगुती, शेती वा औद्योगिक वापराखेरीजची नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरीही त्यात येते. राज्यात वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याची छायाचित्रे प्रसृत करणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केल्याच्या बातम्या वारंवार येतात. टपालाने घरपोच आली म्हणजे वस्तू वैध ठरली, असे होत नाही. आपल्या पोलीस ठाण्यात आधी विचारणा करणे श्रेयस्कर.

जपानमध्ये तर नियम याहून कठोर आहेत. परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी केल्यावाचून तलवार घडविण्याचा परवाना मिळत नाही. परवाना मिळालेला लोहारही महिन्याला दोनच लांब तलवारी करू शकतो. प्रत्येक पात्याची नोंद होते. पारंपरिक रीतीने न घडवलेल्या धारदार तलवारीची नोंदच होत नाही. म्हणजे आपल्याकडे ‘अस्सल सामुराई’ म्हणून विकली जाणारी बहुतेक तलवार खुद्द जपानमध्ये बाळगता येणार नाही!

हा कठोरपणा आला कोठून, हे पाहू लागले की दोन देशांचे इतिहास शेजारी येतात. १८७६ साली जपानी सरकारने सामुराईंना तलवार लावून हिंडण्यास बंदी केली. दोनच वर्षांनी, १८७८ साली, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला. वऱ्हाड तर १८५३पासूनच इंग्रजांच्या कारभाराखाली होते. दोन्हीकडे तलवारीचा रोजचा उपयोग संपला. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तलवारी पुन्हा जप्त होऊ लागल्या, तेव्हा तेथील जाणकारांनी ‘हे शस्त्र नव्हे, कला आहे’ अशी बाजू मांडली आणि १९४८ साली जपानी तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी केली. १९५५ साली ताकाहाशी सादात्सुगू आणि १९६३ साली मियाइरी युकिहिरा या लोहारांना देशाचा जिवंत ठेवा म्हणून गौरवण्यात आले. १९७७ साली शिमाने प्रांतात तातारा भट्टी पुन्हा पेटली. पण याहून महत्त्वाचे असे, की तेथे लोहाराइतकाच मान पाते उजळणाऱ्याला मिळत राहिला. एक तलवार उजळायला त्याला कित्येक आठवडे लागतात. हामोन, पोलादाचा पोत, रेषांची कडा हे सारे त्याच्या दगडांखाली प्रकट होते. त्याच्या जोडीला पारखी. पाते पाहून काळ, घराणे, कर्ता ओळखायचा आणि तसे लेखी प्रमाणपत्र द्यायचे, ही तेथे शिस्त बनली.

आपल्याकडे उजळणाऱ्याला शिकलगार म्हणत. पात्यावर शिकल करणे, त्यातील जौहर, म्हणजे लाटांसारखी नैसर्गिक नक्षी, वर आणणे हे त्याचे काम होते. ज्या मुशीतल्या पोलादात ही नक्षी उमटे, ते दक्षिण भारतात तयार होई. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात असलेले कोनासमुद्रम हे त्याचे एक नामांकित केंद्र होते आणि तेथून इराणी व्यापारी पोलाद नेत. १८१९च्या सुमारास मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाला या पोलादाचे गूढ उकलावेसे वाटले. मागणी संपली, भट्ट्या विझल्या, आणि शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यावर व लोखंडी किरकोळ वस्तू बनविण्यावर गुजराण करू लागला. घण मारणारे हात आपल्याकडे उरले, नांदेडला गुरुद्वाराच्या परिसरात आजही कृपाणी आणि तलवारी विकल्या जातात. परंतु पाते पाहून त्याची लेखी पारख करणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. परिणामी आपल्या बाजारात तलवारीचा भाव ठरतो तो मुठीवरील मुलाम्यावरून आणि म्यानाच्या मखमलीवरून.

या अभावाची किंमत घरोघरच्या जुन्या तलवारी मोजत आहेत. जपानी पारखी नाकागोवरचा, म्हणजे मुठीत दडलेल्या भागावरचा, गंज कधीही काढू देत नाही. त्याच्या रंगावरून वय कळते आणि कर्त्याची सही तेथेच कोरलेली असते. तो गंज घासला की पुरावा नाहीसा होतो आणि तलवारीचे मोल कोसळते. आपल्याकडे नेमके उलट घडते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पॉलिश कागद, चिंच किंवा पितळ उजळण्याचा द्रव घेऊन पाते आरशासारखे केले जाते. त्यात पुसट लेख, परदेशी कारखान्याची मुद्रा, सोन्याचा उरलासुरला तार, पोलादाचा जौहर हे सर्व खरवडून निघते. रघुजींच्या तलवारीवरील ते देवनागरी अक्षर टिकले, कारण कोणी ते घासले नाही.

जुन्या पात्याला फार तर मऊ सुती कापडाने पुसून खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. जपानमध्ये लवंगेचा गंध असलेले तेल वापरतात, तेवढे सोवळे पाळण्याची गरज नाही. पात्याला उघड्या बोटांचा स्पर्श टाळावा, कारण घामाचा डाग वऱ्हाडच्या पावसाळी हवेत काही दिवसांत गंजाचे ठसे उमटवतो. चामड्याच्या म्यानात ओल धरते. पावसाळ्याचे चार महिने पाते बाहेर काढून, कापडात गुंडाळून, कुलूपबंद ठेवलेले बरे. तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू ठरू शकते आणि शासनाव्यतिरिक्त कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. पाठीवर किंवा मुठीच्या आतल्या बाजूला अक्षरे असल्याची शंका आल्यास काहीही न घासता, तिरप्या उजेडात छायाचित्र काढून ते संग्रहालयातील वा पुरातत्त्व खात्यातील अभ्यासकांना दाखवावे.